सगळे आले का?

पहिल्या ख्रिस्ती मंडळीत म्हणे कुणाचं काही वेगळं नव्हतं. ज्याच्याकडे जमीन होती त्यानं ती विकून सगळ्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. विधवेला विसरून चालत नव्हतं. धनी आणि त्याचा गुलाम एका मेजावर बसून भाकर मोडत होते. चर्चचा नवा पाळक सात रविवार हेच सांगत होता. तरणा होता, आवाज मोकळा होता, आणि त्याला ते सगळं खरंच वाटत होतं. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते नुसतं ऐकायला बरं वाटत होतं. हा फरक त्याला अजून कळायचा होता.

थोरली, म्हणजे घरातली मोठी सून, तिसऱ्या बाकाच्या कडेला बसायची. कडेला अशासाठी, की नवऱ्याला खोकल्याची उबळ आली की त्याला पटकन बाहेर नेता यावं. नवरा पाथरवट. बत्तीस वर्षं दगडाची भुकटी ओढून ओढून त्याची छाती आता गाळानं भरलेल्या विहिरीसारखी झाली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरून दाखवला होता. "इथं हवा असायला पाहिजे," तो म्हणाला होता, "इथं तुमची खाण आहे."

सहाव्या रविवारी पाळकानं एका पत्राची गोष्ट सांगितली. त्या काळच्या एका मंडळीत सगळ्यांचं मिळून जेवण असायचं. पण ज्यांना कामधाम नव्हतं ते लवकर यायचे, खाऊनपिऊन तृप्त व्हायचे. दिवसभर राबणारे उशिरा यायचे आणि त्यांच्या वाट्याला रिकामी भांडी यायची. तेव्हा प्रेषितानं त्यांना चांगलं खरमरीत पत्र लिहिलं. तुम्ही मंडळी म्हणवता आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना खाली मान घालायला लावता? आधी एकमेकांची वाट बघायला शिका.

पाथरवटानं थोरलीच्या कोपराला ढोसलं. "ऐकलंस का? आपलीच रीत!"

"हळू बोला."

"अगं, डब्याची रीत! तीच सांगतोय तो."

खाणीतली ती रीत कुणी कागदावर लिहिलेली नव्हती. सुरुंग पेटवायच्या आधी सगळ्यांनी खड्ड्यातून वर यायचं. काठावर उभ्या असलेल्या एकानं हाक मारायची, "सगळे आले का?" मग एकेकाकडे बोट करून मोठ्यानं मोजायचं. मोजणाऱ्यानं स्वतःला शेवटी मोजायचं. आकडा जुळला की वात पेटायची. पाथरवटाच्या बापाच्या वेळी एकदा मोजायचं राहिलं होतं. त्या दिवसापासून दुपारच्या डब्यालाही तीच रीत लागली. शेवटचा माणूस वर येऊन टेकल्याशिवाय कुणी झाकणाला हात लावायचा नाही, मग भुकेनं डोळ्यांपुढे काजवे का चमकेनात. एकोणीस वर्षं ती हाक पाथरवटानं मारली. छातीनं दगा दिल्यावर ती त्याच्या धाकट्या भावाकडे गेली.

सातव्या रविवारी ठरलं, की पहिल्या मंडळीसारखं आपलंही महिन्यातून एकदा एकत्र जेवण व्हावं. चर्चच्या आवारात झाडाखाली एक लांब दगडी मेज करावं आणि सगळ्यांनी त्याच एका मेजावर बसावं. मोठ्या पंचांनी उभं राहून शिळा दान केली. टाळ्या पडल्या. मोठे पंच म्हणजे खाणीचे मालक. खाण त्यांची, खडी फोडायचा क्रशर त्यांचा आणि चर्चची घंटाही त्यांच्याच आजोबांनी दिलेली. ती शिळा क्रशरच्याही कामाची नव्हती, तिच्या पोटातून पांढरी शीर गेली होती, हे दिरानं घरी आल्यावर सांगितलं.

"आणि घडवणार कोण?" पाळकानं विचारलं तेव्हा पाथरवट उठून उभा राहिला होता. थोरलीनं सदरा धरून खाली ओढलं, पण तोवर तो बोलून गेला होता.

"मी घडवतो. माझी एकच अट आहे, पाळकसाहेब. या मेजावर पहिली भाकर मोडायची ती सगळे आल्यावर. सगळे म्हणजे सगळे."

"अर्थात!" पाळक म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "हा माझा शब्द."

घरी आल्यावर उंबरा ओलांडताच थोरलीनं चप्पल भिरकावली.

"मरायचंय का तुम्हाला?"

"ते काय माझ्या हातात आहे?"

"छिन्नी तरी तुमच्या हातात आहे ना? डॉक्टरनं काय सांगितलं? भुकटीचा कण नको म्हणाला ना?"

पाथरवट खाटेवर बसला. श्वास घेताना त्याच्या खांद्यांची हाडं वर यायची आणि खाली जायची, बिजागरी सैल झालेल्या दारासारखी. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायऱ्या घडवल्या," तो म्हणाला. "ज्या पायऱ्यांवरून मला कुणी वर बोलावलं नाही. एकदा तरी मी घडवलेल्या दगडाशी सगळ्यांबरोबर बसून जेवू दे. मग बघू."

तिनं फेकलेली चप्पल उचलून जागेवर ठेवली.

*

काम सुरू झालं. उन्हाळा मरणाचा होता. हापशाला दोनशे वेळा दांडा मारला की एक कळशी भरायची. थोरली दिवसाला सहा कळशा आणायची. त्यातल्या चार दगडावर जायच्या आणि दोन घरात. दगड ओला ठेवला की भुकटी उडत नाही, तिचा चिखल होतो. नवऱ्याच्या तोंडाला ती ओलं फडकं बांधायची आणि छिन्नी जिथं पडेल तिथं वाटीनं धार धरायची. एक घाव, एक धार. मध्येच तिचा हात चुकला की दगडातून पांढरा धूर निघायचा, आणि लगेच ती स्वतःच्या पदरानं तो हाकलायची.

घण खाणीचा होता. पाथरवटाला कामावरून काढलं त्या दिवशी मालकांनी "आता आराम करा" म्हणत तो ठेवून घेतला होता. छिन्न्या मात्र त्याच्या स्वतःच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यानं शिळेला कान लावून हातोडीनं टकटक केलं होतं, जसं डॉक्टर त्याच्या पाठीवर करायचा.

"शीर आहे," तो म्हणाला. "पण आवाज स्वच्छ आहे. माझ्यापेक्षा बरी आहे."

दहा घाव घातले की तो पाठ टेकायचा. त्याची बोटं मात्र दमत नव्हती. आडवं पडल्या पडल्याही ती दगडाच्या कडेवरून फिरत राहायची, उंचवटा शोधत. थोरलीला लग्नानंतरचे दिवस आठवायचे आणि तिला स्वतःचाच राग यायचा, की या वयात हे काय सुचतंय.

एका सकाळी मोठे पंच आले. त्यांनी काठीनं मेजाच्या टोकाला स्पर्श केला.

"काम झकास आहे. पण हे टोक जरा रुंद ठेवा. वरच्या बाजूला पाळकसाहेब, मी, कुणी पाहुणे आले तर ते. मेजाला डोकं कुठलं ते कळलं पाहिजे."

पाथरवटानं तोंडावरचं फडकं खाली केलं. "मेजाला डोकं नसतं, साहेब. पायच असतात."

थोरलीनं वाटीत तोंड घालून हसू दाबलं. मोठे पंच हसले नाहीत. त्यांनी दुसरीच गोष्ट काढली. पावसानं खाण भरायच्या आत माल निघाला पाहिजे, म्हणून येत्या रविवारपासून रविवारीही पाळी चालेल. सकाळी सहा ते दुपारी दोन.

"रविवारी?" थोरली म्हणाली. "मग उपासना?"

"देव काय फक्त दहा वाजताच ऐकतो का, बाई?" ते म्हणाले, आणि दहाच्या उपासनेत लागणारी नवी सतरंजी दाखवायला पाळकाला घेऊन आत गेले.

संध्याकाळी दीर आला तो दारातच बसला. त्याला सगळे सुरुंग्या म्हणायचे. सुरुंग लावायचा तोच, आणि बोलायचाही तसाच, वात पेटवून मागे सरायचा.

"वहिनी, आनंदाची बातमी. आपला रविवारही सामाईक झाला. पहिल्या मंडळीसारखा. मालकांनी घेऊन टाकला."

"जेवणाच्या रविवारी तरी सुट्टी मागा."

"मागितली. मालक म्हणाले, जेवण कुठं पळून जातंय? आम्ही थांबू म्हणाले."

"बघ," पाथरवट आतून म्हणाला. "थांबणार आहेत."

*

जेवणाच्या रविवारी थोरलीनं नवऱ्याला पांढरा सदरा घातला. गळ्याचं बटण लावताना तिच्या लक्षात आलं, की गळपट्टीत आता तिची चार बोटं मावतायत. मेज झालं होतं. सगळी मंडळी दाटीवाटीनं बसेल एवढं. कडा गोल, कुठेही हात कापणार नाही अशी, आणि मधून गेलेली ती पांढरी शीर, जणू कुणी मुद्दाम काढलेली.

उपासना झाल्यावर तो तिथं थांबलाच नाही. म्हणाला, मी खाणीच्या फाटकाशी जातो, सगळ्यांबरोबर येतो. एकट्यानं आधी येऊन बसायला मी काय पाहुणा आहे? थोरली त्याच्याबरोबर गेली. दोन वाजता भोंगा झाला आणि नऊ जण वर आले, सात बाप्ये आणि दोन बाया. पापण्यांपर्यंत पांढरे. सुरुंग्यानं सवयीनं मोजलं, स्वतःला शेवटी मोजलं, आणि भावाकडे बघून म्हणाला, "आणि दादा, दहा."

चर्च तिथून पंधरा मिनिटांवर. पाथरवटाच्या चालीनं पाऊण तास लागला. दर वीस पावलांवर तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहायचा आणि नऊही जण उभे राहायचे. कुणी पुढे गेलं नाही. एक बाई म्हणाली, "दादा, पाठीवर घेऊ का?" तो म्हणाला, "तुझ्या पाठीवर आधीच सगळी खाण आहे, बाई." हसले सगळे. हसताना दातांवर भुकटी दिसली.

आवारात शिरल्यावर आधी कावळे दिसले.

मेजावर हाडकं होती. उष्ट्या पत्रावळींचा ढीग कडेला लावला होता. पंचांच्या घरच्या बायका पातेली घासत होत्या. जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या कुणा पाहुण्यांची गाडी नुकतीच गेली असावी, रस्त्यावरची धूळ अजून खाली बसली नव्हती.

पाळक धावत आला. त्याच्या अंगरख्याच्या बाहीला रस्सा लागला होता. "मी म्हणत होतो थोडं थांबू… पण पाहुण्यांना पुढं जायचं होतं… मुलं रडायला लागली… मोठे पंच म्हणाले, प्रार्थना करून घ्या, ते येतीलच…"

"आलो की," सुरुंग्या म्हणाला.

मालकीणबाईंनी फडक्यानं झाकलेलं ताट पुढं केलं. "अगंबाई, आलात का! तुमच्यासाठी बाजूला काढलंय बरं का. मागच्या पायरीवर बसा, इथं अजून पुसायचंय."

ताटात पाच भाकऱ्या होत्या. कडांना वाळलेल्या.

पाथरवट मेजापाशी गेला. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि दगड पुसायला लागला. हाडकं निघाली, शितं निघाली. डाग निघाला नाही. नुकताच घडवलेला दगड तहानलेला असतो. त्याला आधी धुवायचं असतं, पोटभर पाणी पाजायचं असतं, मग त्यावर अन्न. घाई केली की तो तेल पिऊन टाकतो. मेजाच्या एका टोकाला तळहाताएवढा काळपट डाग आतपर्यंत उतरला होता. पंच आणि पाहुणे बसले होते त्या टोकाला.

"यांना सांगितलं होतं," तो पुटपुटला. "पाणी मारल्याशिवाय वापरू नका म्हणून सांगितलं होतं." एवढंच बोलला. दुसऱ्या गोष्टीबद्दल बोललाच नाही.

"वहिनी," सुरुंग्या म्हणाला, "पहिल्या मंडळीत आपण नव्हतोच. आपल्या आधीच संपली ती."

नऊ जण तसेच मागे फिरले. ताट पायरीवर राहिलं आणि कावळ्यांनी ते खाल्लं.

*

सोमवारी थोरली पाण्याला गेली असताना तो छिन्नी घेऊन चर्चच्या आवारात गेला. ती हापशावरून परतली तेव्हा घरात खाट रिकामी. तशीच कळशी घेऊन धावली. तो मेजाच्या त्या टोकाशी गुडघे टेकून डाग खरवडत होता. कोरडा. फडकं नाही, पाणी नाही. अंगावर, पापण्यांवर, ओठांवर पांढरी भुकटी, आणि ओठांच्या कोपऱ्यात भुकटीत मिसळलेला लाल चिखल.

तिनं सगळी कळशी त्याच्यावर आणि दगडावर ओतली.

"थोडाच राहिलाय," तो म्हणाला. "पुढच्या वेळेला बसतील ना सगळे. डाग नको."

"पुढच्या वेळेला?" ती ओरडली. "कसली पुढची वेळ? अहो, ते तुमच्यासाठी अर्धा तास थांबले नाहीत!"

"चुकले असतील. त्या पत्रातलेही चुकलेच होते की. म्हणून तर लिहिलं."

तिला तो मूर्ख वाटला. तिला तो इतका आवडला नव्हता कधी. तिनं त्याला भिंतीशी टेकवलं, छिन्नी त्याच्या हातातून काढून घेतली आणि तोंडाला ओलं फडकं धरून बसली, जसं काम चालू असताना बांधायची.

पुढे पाच दिवस तो बसूनच होता. आडवं झालं की गुदमरायचा. पाळक दोनदा आला आणि दोन्ही वेळा दारातून आत यायला त्याला वेळ लागला. दुसऱ्यांदा पाथरवटानं त्याला विचारलं, "त्या लोकांनी पत्र वाचल्यावर काय केलं? सुधारले का?"

"शास्त्रात ते लिहिलेलं नाही," पाळक म्हणाला.

शनिवारी दुपारी, भोंग्याच्या जरा आधी, पाथरवटाचे खांदे वर गेले आणि खाली आलेच नाहीत. थोरली वाट बघत राहिली.

*

तिनं एकच मागितलं होतं. माती दुपारी अडीचनंतर द्या. पंचांची बैठक झाली आणि निरोप आला की बारा वाजता. ऊन आहे, शव राहणार नाही, लोकांना दूर जायचंय. खाणीला खाडा करता येणार नाही, आभाळ भरून यायला लागलंय, मालकांचा नाइलाज आहे. थोरलीनं निरोप ऐकला आणि मान हलवली. निरोप आणणाऱ्याला वाटलं, समजूतदार बाई आहे.

ती जमीन म्हणजे कातळ. तिथं कबर खणायची नसते, फोडायची असते. सुरुंग्यानं आणि बाकीच्या आठांनी रविवारी पहाटे फटफटताना पहारी घेऊन ती जेमतेम कमरेइतकी फोडली आणि सहाच्या भोंग्याला तसेच कामावर गेले.

बारा वाजता पेटी कबरीत उतरवली. पाळकानं पुस्तक उघडलं. तेवढ्यात थोरली पुढे आली आणि कबरीच्या काठावर बसली. दोन्ही पाय आत सोडले. तिचे तळवे पेटीच्या झाकणाला टेकले.

"बाई," पाळक हळूच म्हणाला, "उठा. सुरू करायचंय."

"सगळे आले का?" तिनं विचारलं.

कुणाला काही कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं, काठावरून खड्ड्यात हाक जाईल अशा आवाजात. "सगळे आले का?"

"नाही," मागून एक म्हातारी म्हणाली. तिचा नवरा त्या नऊ जणांत होता.

"मग थांबा."

मोठे पंच छत्रीखालून पुढे आले. "हे बघ, दुःख आहे, समजतं आम्हाला. पण ही काय रीत झाली? इतकी माणसं उन्हात ताटकळवायची?"

"साहेब, भोंगा तुमचा आहे," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "आत्ता वाजवलात तर पंधरा मिनिटांत येतील. नाही वाजवलात तर दोनला सुटून येतील. मला कुठं जायचंय?"

"पाळकसाहेब, सांगा हिला."

पाळकाच्या हातातलं पुस्तक उघडंच होतं. घाम त्याच्या हनुवटीवरून पानावर पडला. तो थोरलीकडे बघत होता, मग तिच्या पायांकडे, मग पेटीकडे. त्यानं पुस्तक मिटलं. अंगरखा आवरला आणि त्या तापलेल्या दगडांच्या चुऱ्यावर तिच्यापासून दोन हात अंतरावर तो बसला.

"मी शब्द दिला होता," तो म्हणाला. आवाज मुळीच मोकळा नव्हता. "मोडला."

"हो," थोरली म्हणाली. "मोडलात."

तिनं त्याला माफ केलं नाही. जवळ बसू दिलं, एवढंच.

मोठे पंच थोडा वेळ उभे राहिले. एक फोन केला असता तर भोंगा वाजला असता. फोन त्यांच्या खिशात होता. त्यांनी छत्री मिटली, उघडली, आणि मालकीणबाईंना घेऊन गाडीकडे गेले. त्यांच्या मागोमाग पुढच्या बाकांवरचे बरेच गेले. उरले त्यातले काही झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसले, काही तसेच उभे. म्हातारीनं डोक्यावरचा पदर काढून थोरलीच्या डोक्यावर धरला आणि हात दुखेपर्यंत धरून ठेवला. मग दुसरीनं धरला. खाणीकडून क्रशरचा घरघराट येत होता, आजारी माणसाच्या छातीतून यावा तसा. थोरलीला पायाखालची पेटी तापत चाललेली जाणवत होती. आत तो पांढऱ्या सदऱ्यात होता.

दोनला भोंगा झाला. घरघर थांबली. इतकं शांत झालं की थोरलीला वाटलं, त्याची छातीच आता मोकळी झाली.

ते धावत आले. अंग धुवायला थांबले नव्हते. सुरुंग्या सगळ्यात पुढे होता. काठावर पोचल्यावर त्यानं वहिनीचे कबरीत सोडलेले पाय बघितले आणि त्याला सगळं समजलं. तो वळला, मागून येणाऱ्यांकडे त्यानं बोट केलं आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. आवाज फाटत होता तरी मोठ्यानं मोजत होता. सहा. सात. शेवटची बाई धापा टाकत आली. आठ. मग त्यानं हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"नऊ," तो म्हणाला आणि अडकला. त्याचं बोट कबरीकडे वळलं, पण तोंडातून शब्द फुटेना.

थोरलीनं पाय वर घेतले. तळव्यांना पेटीची उष्णता लागलेली होती. तिनं ते जमिनीवर टेकवले आणि उठून उभी राहिली.

"दहा," ती म्हणाली. "भरले. आता टाका माती."